दूध : गुण, दोष आणि मर्यादा

'दूध हे पूर्णान्न होय' हे वाक्य शाळेच्या भिंतीपासून दूध संस्थेच्या फलकापर्यंत सर्वत्र आढळते. अलीकडे याच्या नेमके उलट सांगणारेही पुष्कळ झाले आहेत. दूध हे वासराचे अन्न आहे, मोठ्या माणसाने ते पिऊ नये, त्यापासून लाभापेक्षा अपायच अधिक, असे त्यांचे म्हणणे असते. या दोन टोकांच्या मध्ये सामान्य गृहिणी आणि सामान्य दूध उत्पादक हे दोघेही गोंधळून जातात. मुलाला दुधाचा पेला द्यावा की देऊ नये, हा एकीचा प्रश्न. घरचे सगळे दूध संस्थेला घालावे की त्यातील काही चुलीपाशी ठेवावे, हा दुसऱ्याचा प्रश्न. दोन्ही प्रश्न श्रद्धेने किंवा भीतीने सुटणारे नाहीत. दुधात काय आहे, काय नाही आणि ते कोणाच्या ताटात जावयाचे आहे, हे पाहूनच त्यांचे उत्तर देता येते.

एक शहर, अनेक ताटे

या विचारासाठी ठाणे जिल्ह्यातील मीरा-भाईंदर परिसराचे उदाहरण उपयुक्त आहे. उत्तरेस वसईची खाडी, पश्चिमेस समुद्र आणि पूर्वेस संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर यांच्यामध्ये साष्टी बेटाच्या उत्तर टोकाला हा भाग वसला आहे. भाईंदरची मिठागरे आणि उत्तन, चौक, पाली येथील मासेमारी हे येथील जुने व्यवसाय. भात, मासे आणि मीठ हीच या भूमीची पूर्वापार संपत्ती होती. आसपासच्या ग्रामपंचायती एकत्र करून १९८५ साली येथे नगरपरिषद झाली व २००२ साली महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत येथील लोकसंख्या आठ लाखांहून अधिक भरली.

आज या शहरात आगरी, कोळी व ईस्ट इंडियन कुटुंबे आहेत. काशिमिरा व घोडबंदरच्या बाजूस आदिवासी पाडे आहेत. शिवाय गुजरात, राजस्थान आणि उत्तर भारतातून आलेली, त्यांपैकी पुष्कळशी शाकाहारी, कुटुंबे आहेत. एकाच बाजारातून दुधाची पिशवी घेणाऱ्या या घरांची ताटे मात्र निरनिराळी आहेत. ज्या घरात रोज सुकट, जवळा किंवा काट्यासकट खाल्ली जाणारी बारीक मासळी शिजते, त्या घरास चुना म्हणजे कॅल्शियम आणि प्रथिने दुसऱ्या वाटेने मिळतात. ज्या घरात मासे-अंडी वर्ज्य आहेत, त्या घरास ब-१२ हे जीवनसत्त्व मिळण्याचा दूध व दही हाच मुख्य मार्ग असतो. यास्तव 'दूध आवश्यक आहे काय?' या प्रश्नाचे एकच उत्तर सर्वांना लागू पडत नाही. दुधाची गरज ताटातील इतर पदार्थांवरून ठरते.

दूध येते कोठून?

मुंबई व तिच्या उपनगरांना दूध पुरविण्याचा प्रश्न जुना आहे. स्वातंत्र्यापूर्वी मुंबई शहराच्या दाट वस्तीतच म्हशींचे तबेले होते आणि त्यामुळे घाण, रोगराई व भेसळ यांचा उपद्रव मोठा होता. त्यावर उपाय म्हणून साष्टी बेटावरच, गोरेगाव येथे, १९४९ साली आरे दुग्ध वसाहत स्थापन झाली. तेथील दुग्धशाळेचे उद्घाटन ४ मार्च १९५१ रोजी पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते झाले. या कामाचे सूत्रधार दारा खुरोडी यांना १९६३ साली त्रिभुवनदास पटेल व वर्गीस कुरियन यांच्यासमवेत मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

खुरोडी यांच्या कारकिर्दीत रूढ झालेली एक युक्ती आरोग्याच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. म्हशीच्या दुधात स्निग्धांश भरपूर असतो. त्यात साय काढलेल्या दुधाची भुकटी व पाणी योग्य प्रमाणात मिसळले, तर स्निग्धांश कमी होतो, पण प्रथिने व कॅल्शियम टिकून राहतात आणि तेवढ्याच म्हशींच्या दुधावर अधिक लोकांची गरज भागते. हेच 'टोन्ड' दूध होय. मुंबईत १९४६ साली सुरू झालेला हा प्रकार पुढे देशभर पसरला.

आज मीरा-भाईंदरच्या दुकानांत येणारे पिशवीतील दूध कोल्हापूर, पुणे, अहिल्यानगर, नाशिक अशा दूरच्या जिल्ह्यांतून आणि गुजरातेतून येते. म्हणजे भाईंदरच्या चाळीतील मुलाच्या पेल्यात जे पडते, त्याची प्रत शेकडो किलोमीटरवरील गोठ्यात ठरत असते. दुधाच्या गुणदोषांची चर्चा शेतकऱ्यांपुढे करण्याचे कारण हेच आहे.

पेल्यात काय असते?

राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या कोष्टकांनुसार १०० ग्रॅम गाईच्या दुधात सुमारे ३.३ ग्रॅम प्रथिने, ४.५ ग्रॅम स्निग्धांश आणि ११८ मिलिग्रॅम कॅल्शियम असते, व त्यापासून सुमारे ७३ कॅलरी मिळतात. तितक्याच म्हशीच्या दुधात ३.७ ग्रॅम प्रथिने, ६.६ ग्रॅम स्निग्धांश, १२१ मिलिग्रॅम कॅल्शियम आणि सुमारे १०७ कॅलरी असतात. दोहोंतील मुख्य अंतर स्निग्धांशाचे आहे. कॅल्शियममध्ये म्हणण्यासारखा फरक नाही.

पिशवीवरील नावांचा अर्थही समजून घ्यावा. फुल क्रीम दुधात निदान ६ टक्के, टोन्ड दुधात ३ टक्के व डबल टोन्ड दुधात १.५ टक्के स्निग्धांश असावा लागतो. २०० मिलिलिटरच्या पेल्यातून फुल क्रीम दुधाचा सुमारे १२ ग्रॅम स्निग्धांश पोटात जातो, तर डबल टोन्डचा केवळ ३ ग्रॅम. मात्र स्निग्धांश काढताना अ आणि ड ही जीवनसत्त्वेही निघून जातात. ती पुन्हा मिसळलेल्या दुधाच्या पिशवीवर निळ्या रंगात '+एफ' असे चिन्ह असते. कमी स्निग्धांशाचे दूध घेणाऱ्यांनी ते चिन्ह पाहून घ्यावे.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ व्यक्तीस दररोज १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम हवे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनात प्रौढाच्या दिवसाच्या आहारात ३०० मिलिलिटर दूध किंवा दही धरले आहे. त्यातून गरजेच्या सुमारे एक तृतीयांश कॅल्शियम मिळते. उरलेले नाचणी, तीळ, शेवग्याचा व राजगिऱ्याचा पाला, डाळी आणि बारीक मासळी यांतून मिळवावयाचे असते. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३६४ मिलिग्रॅम आणि तितक्याच तिळात १,२०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. कोकणच्या घरात नाचणीची भाकरी व तिळाची चटणी नवी नाही. तिचे मोल मात्र नव्याने ओळखावयास हवे.

दुधात जे नाही, त्याचीही नोंद घ्यावी. दुधात लोह जवळजवळ नसते, चोथा मुळीच नसतो आणि क जीवनसत्त्व अत्यल्प असते. शिवाय दुधातील कॅल्शियम अन्नातील लोह शोषले जाण्यात अडथळा आणते. गरोदर स्त्रियांनी लोहाची गोळी दुधाबरोबर किंवा चहाबरोबर घेऊ नये, ती पाण्याबरोबर घ्यावी, ही सूचना अंगणवाडी सेविकांनी प्रत्येक घरी पोहोचवावी. यावरून 'पूर्णान्न' हा शब्द दुधाचा गौरव करणारा असला, तरी तो शब्दशः खरा नाही, हे ध्यानात येईल.

दुधाचा त्रास कोणाला होतो?

दुधातील साखरेला लॅक्टोज म्हणतात. ती पचविण्यासाठी लहान आतड्यात लॅक्टेज नावाचे विकर लागते. ते तान्हेपणी भरपूर असते व पुढे अनेकांत घटत जाते. जगातील निम्म्याहून अधिक प्रौढांत ते कमी असते. अशा व्यक्तीने एकदम पेलाभर दूध घेतले, तर पोट फुगणे, गुरगुरणे किंवा पातळ शौचास होणे, हा त्रास होतो. हा आजार नव्हे, शरीराची ती स्वाभाविक घडण आहे. ज्या समाजांत पिढ्यान्‌पिढ्या दूध पिण्याची चाल नव्हती, त्यांत असा त्रास अधिक आढळतो. म्हणून एखाद्या पाड्यावरील मूल दूध नाकारीत असेल, तर तो त्याचा हट्ट समजून बळजबरी करू नये.

अशा व्यक्तींनी दूध जेवणाबरोबर आणि थोडे थोडे घ्यावे. बहुतेकांना तितके सोसते. दह्यातील जिवाणू लॅक्टोजचा काही भाग आधीच पचवून ठेवतात, त्यामुळे दही व ताक त्यांना अधिक मानवते. दुधाच्या प्रथिनांची वावडी ही मात्र वेगळी गोष्ट आहे. ती मुख्यतः तान्ह्या मुलांत आढळते. दूध घेतल्यावर अंगावर गांधी उठणे, ओठ सुजणे, धाप लागणे किंवा शौचातून रक्त जाणे, ही तिची लक्षणे होत. अशा वेळी घरगुती प्रयोग न करता मुलास त्वरित डॉक्टरांकडे न्यावे.

दुसरा विचार स्निग्धांशाचा. दुधातील स्निग्धांशाचा सुमारे दोन तृतीयांश भाग संपृक्त असतो, आणि संपृक्त स्निग्धांश वाढला की रक्तातील घातक कोलेस्टेरॉल वाढते. शेतात राबणाऱ्या तरुणास म्हशीचे दूध पचून जाते. दिवसभर बैठे काम करणाऱ्या, स्थूल किंवा हृदयविकार असलेल्या माणसाने मात्र टोन्ड वा डबल टोन्ड दूध घेणे हितावह आहे. दुधात घातलेल्या साखरेचाही हिशेब ठेवावा. पेल्यात तीन चमचे साखर घालून मग दुधाने वजन वाढले म्हणणे न्यायाचे नाही.

अति सेवनाने हाडे अधिक बळकट होतात, असेही सिद्ध झालेले नाही. स्वीडनमधील सुमारे ६१ हजार स्त्रियांच्या पाहणीचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. दिवसाला तीन किंवा अधिक पेले दूध पिणाऱ्या स्त्रियांत अस्थिभंगाचे प्रमाण कमी न आढळता काहीसे अधिकच आढळले. आंबवलेल्या दुधाच्या बाबतीत तसे दिसले नाही. अशा पाहणीवरून दूधच कारण होते असे ठरविता येत नाही, हे संशोधकांनीही मान्य केले आहे. तरीही बोध स्पष्ट आहे. बेताचे दूध उपकारक आहे. दुप्पट दुधाने दुप्पट लाभ होत नाही. हाडांना कॅल्शियमइतकीच ऊन, चालणे व श्रम यांचीही गरज असते.

तान्ह्या बालकांविषयी

या विषयात चुकीची सर्वांत मोठी किंमत तान्हे मूल देते. पहिले सहा महिने बाळास केवळ आईचेच दूध द्यावे. वरचे पाणीही देऊ नये. त्यानंतर मऊ भात, वरण, नाचणीचे सत्त्व, भाज्या, चालत असल्यास अंडे व मासे असा पूरक आहार सुरू करून आईचे दूध दोन वर्षांपर्यंत व पुढेही चालू ठेवावे. एक वर्षाच्या आत गाई-म्हशीचे दूध मुख्य अन्न म्हणून देऊ नये. त्यात लोह नसते आणि प्रथिने व क्षार बालकाच्या मूत्रपिंडास जड जातात. म्हशीचे दूध 'जड' म्हणून त्यात पाणी घालून बाटलीने पाजण्याची रीत तर दुहेरी घातक आहे. पाण्याने पोषण घटते आणि बाटलीतून जंतू जातात.

वर्षानंतर दूध द्यावे, पण दिवसाला अर्ध्या लिटरहून अधिक नको. दुधाने पोट भरलेले मूल भाकरी-भाजी खात नाही. ते दिसावयास गुबगुबीत असते, पण रक्ताने फिके पडते. 'आमचा बाळ्या काही खात नाही, पण दूध मात्र खूप पितो' असे एखादी आई कौतुकाने सांगेल, तेव्हा कार्यकर्त्याने त्या मुलाच्या पापण्या खाली ओढून पाहाव्यात आणि रक्त तपासून घेण्याचा सल्ला द्यावा.

दूध आणि मासे

उत्तनसारख्या कोळीवाड्यांत एक शंका हमखास विचारली जाते. मासे खाल्ल्यावर दूध प्यायल्यास अंगावर कोड उठते काय? आयुर्वेदात मासे व दूध यांचा योग विरुद्ध आहारात गणला आहे, आणि तो पथ्य म्हणून पाळणाऱ्यांनी खुशाल पाळावा. परंतु कोड हा त्वचेस रंग देणाऱ्या पेशी नष्ट झाल्याने होणारा विकार आहे. त्याचे मूळ मुख्यतः शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीच्या बिघाडात आहे. दूध-मासे एकत्र खाल्ल्याने तो होतो, यास शास्त्रीय आधार नाही. कोड उठलेल्या मुलीच्या माथी तिच्या जेवणाचा दोष मारणे सर्वस्वी अन्यायाचे आहे. तो रोग संसर्गजन्यही नाही.

देशी गाईच्या 'ए-२' दुधाविषयीही असेच बोलले जाते. आपल्या देशी गाई व म्हशी यांचे दूध बहुतांशी याच प्रकारचे असते, हे खरे. पण त्यामुळे रोग टळतात असे ठरलेले नाही. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २००९ साली उपलब्ध संशोधन तपासले, तेव्हा अन्य प्रकारच्या दुधाने रोग होतो असे त्यास दिसून आले नाही. केवळ त्या नावासाठी दुप्पट दाम मोजण्याचे कारण नाही.

दोष दुधाचा की हाताळणीचा?

भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१८ साली देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने तपासले. आरोग्यास घातक अशी भेसळ त्यांपैकी केवळ १२ नमुन्यांत आढळली. युरिया व साबणाच्या दुधाच्या ज्या कथा सर्वत्र ऐकू येतात, त्यांच्या मानाने हा आकडा लहान आहे. मात्र ३६८ नमुन्यांत, म्हणजे ५.७ टक्क्यांत, अफ्लाटॉक्सिन एम-१ हे विष मर्यादेहून अधिक होते व ७७ नमुन्यांत प्रतिजैविक औषधांचा अंश मर्यादेबाहेर होता. हे दोन दोष दूधवाल्याच्या कॅनमध्ये नव्हे, तर गोठ्यात निर्माण होतात. म्हणून त्यांचा उपायही शेतकऱ्याच्याच हाती आहे.

अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष होय. भुईमुगाची पेंड, सरकी पेंड, मका किंवा वैरण दमट जागी राहिली, की तिच्यावर बुरशी चढते. बुरशी आलेले खाद्य जनावराने खाल्ले, की विषाचा काही अंश दुधात उतरतो आणि उकळूनही तो नष्ट होत नाही. दीर्घकाळ पोटात गेल्यास ते यकृतास घातक ठरते. पेंड जमिनीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून दूर ठेवावी. मका चांगला वाळवूनच साठवावा. बुरशी आलेले खाद्य 'जनावरालाच तर घालायचे' म्हणून वापरू नये. चांगले खाद्य सुरू केल्यावर काही दिवसांतच दूध शुद्ध होऊ लागते.

कासदाहावर, म्हणजे दगडीवर, प्रतिजैविक औषध दिले असता ते दुधात उतरते. औषध थांबविल्यावर किती दिवस दूध वापरू नये, हे वेष्टनावर लिहिलेले असते व पशुवैद्यकही सांगतात. तितके दिवस ते दूध संस्थेला घालू नये व घरीही वापरू नये. हे नुकसान सोसावे लागू नये यासाठी दगडी टाळणेच उत्तम. धार काढण्यापूर्वी हात व कास धुऊन पुसावी. पहिल्या दोन-चार धारा वेगळ्या भांड्यात काढून गुठळ्या पाहाव्यात. धार झाल्यावर सड जंतुनाशक द्रावणात बुडवावेत आणि जनावर लगेच बसू नये म्हणून पुढे वैरण टाकावी.

कच्च्या दुधाचा मोह टाळावा. गुरांना सांसर्गिक गर्भपात घडविणारे ब्रुसेला जंतू व क्षयाचे जंतू कच्च्या दुधातून माणसात येतात. दिवसेंदिवस चढउतार करणारा ताप, घाम व सांधेदुखी ही ब्रुसेलाची लक्षणे असून त्यात हिवतापाचा भास होतो. गाभ टाकलेल्या जनावराची वार उघड्या हाताने काढू नये व ती खोल पुरावी. कालवडी व पारड्या चार ते आठ महिन्यांच्या असताना त्यांना याची लस एकदा टोचून घ्यावी. २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात ही लस अंतर्भूत आहे. दूध उकळले, की हे जंतू मरतात. मात्र तेच दूध दिवसातून चार वेळा उकळू नये. एकदा उकळून, झाकून, थंड जागी ठेवावे.

विकावे किती, ठेवावे किती?

भारत जगात सर्वाधिक दूध उत्पादन करणारा देश आहे. २०२३-२४ साली उत्पादन सुमारे २३ कोटी ९३ लाख टन झाले, म्हणजे माणशी दररोज ४७१ ग्रॅम. ही सरासरी होय. ज्या घरी दोन म्हशी आहेत, त्या घरचे मूल मात्र कित्येकदा कोऱ्या चहावर शाळेत जाते. कारण दुधाच्या पगारावर खाद्याचे बिल व कर्जाचा हप्ता अवलंबून असतो. शेतकऱ्याची ही अडचण खरी आहे. तथापि घरातील लहान मुले, गरोदर व स्तनदा स्त्रिया यांच्या वाट्याचे दूध बाजूला काढून मग उरलेले संस्थेस घालावे, हाच क्रम योग्य होय. सगळेच विकावे लागत असेल, तर त्या पैशातून डाळ, अंडी, नाचणी व पालेभाजी घरात येते की नाही, हे पाहावे. दूध विकून साखर व बिस्किटे आणणे, हा तोट्याचा व्यापार आहे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

गावातील बैठकीत पुढील मुद्दे मांडावेत.

१. सहा महिन्यांपर्यंत केवळ आईचे दूध. वर्षाच्या आत वरचे दूध मुख्य अन्न म्हणून नको.

२. प्रौढास दिवसाला सुमारे ३०० मिलिलिटर दूध किंवा दही पुरे. ज्यांना दूध मानवत नाही, त्यांनी दही, ताक, नाचणी, तीळ व बारीक मासळी यांवर भर द्यावा.

३. लोहाची गोळी दुधाबरोबर घेऊ नये.

४. सुटे दूध उकळल्याखेरीज पिऊ नये.

५. पिठाची भेसळ ओळखण्यासाठी थोडे दूध पाणी घालून उकळावे व निववून त्यात टिंक्चर आयोडीनचे दोन-तीन थेंब टाकावेत. निळा रंग आल्यास पीठ मिसळले आहे असे समजावे. दूध व पाणी समभाग घेऊन जोराने हलविल्यास दाट व टिकणारा फेस आला, तर साबणचुऱ्याची शंका घ्यावी.

६. बुरशी आलेली पेंड व औषधाच्या मुदतीतील दूध ही दोन्ही वापरातून काढून टाकावीत.

दूध हे औषध नव्हे आणि विषही नव्हे. ते एक उत्तम अन्न आहे. स्वच्छ गोठ्यात काढलेले, उकळून घेतलेले आणि ज्याच्या ताटात त्याची उणीव आहे त्यास बेताने मिळालेले दूध आपले काम चोख बजावते. उत्पादकाने प्रत सांभाळावी व ग्राहकाने प्रमाण सांभाळावे, म्हणजे दुधाविषयीचे बहुतेक वाद आपोआप मिटतील.